विश्लेषण : नाशिकच्या द्राक्षबागेखाली टेक्सासचे मूळ कसे आले? थंडी आणि होरपळ सोसणारी वेल शोधणारे टॉमस मन्सन कोण होते?

द्राक्षबागेत डोळ्यांसमोर असते ती एक वेल आणि पायाखाली असते ती दुसरीच. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतील बहुतांश बागांत जमिनीच्या वर थॉमसन सीडलेस किंवा तिच्या कुळातील वाण दिसतो. जमिनीखाली मात्र अनेकदा ‘डॉगरिज’ नावाचा खुंट असतो. शेतकऱ्यांच्या बोलण्यात इतके रुळलेले हे नाव मुळात अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील बेल परगण्यातल्या एका जागेचे आहे. तिथल्या रानवेलींतून हा खुंट निवडला टॉमस व्हॉल्नी मन्सन यांनी. मन्सन यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. द्राक्षवेल टोकाची थंडी आणि टोकाचे ऊन कसे सोसते, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या आयुष्याची वाट सोयीची पडते. कारण त्यांनी आधी थंडीचा मार खाल्ला आणि मग उन्हाच्या प्रदेशात बाग उभी केली.

मन्सन कोण होते?

टॉमस मन्सन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४३ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अस्टोरिया गावाजवळ, शेतकरी कुटुंबात झाला. पुढे ते केंटकीत लेक्सिंग्टन येथे शिकले आणि १८७० मध्ये पदवीधर झाले. तिथेच एलेन स्कॉट बेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एलेन यांचे वडील लेक्सिंग्टनमधील फुलझाडांचे व्यावसायिक. म्हणजे रोपवाटिकेचा धंदा कसा चालतो, हे मन्सन यांना सासरघरीच पाहायला मिळाले.

द्राक्षाचा नाद लागला तो मात्र कॉलेजमुळे. त्यांचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट पीटर यांच्याकडे द्राक्षांच्या वाणांचा चांगला संग्रह होता. तो पाहून मन्सन यांनी बियांपासून रोपे करण्याचे प्रयोग सुरू केले. त्या काळी अमेरिकेत द्राक्षाचा पेच असा होता की, युरोपातून आणलेली वेल उत्तम फळ देई, पण अमेरिकेच्या मातीत आणि हवेत टिकत नसे. रानात आपोआप वाढणाऱ्या देशी वेली टिकत, पण त्यांच्या फळाला युरोपची सर नव्हती. दोन्हींचे गुण एका वेलीत आणायचे, हा विचार तेव्हा अनेकांच्या डोक्यात होता. मन्सन यांनी त्यावर उरलेले सगळे आयुष्य लावले.

नेब्रास्कात काय बिघडले?

१८७३ मध्ये मन्सन पत्नीसह नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे गेले आणि त्यांनी रोपवाटिका सुरू केली. हा सपाट, उघडा गवताळ प्रदेश. उन्हाळ्यात कोरडी होरपळ, हिवाळ्यात उत्तरेकडून थेट येणारे बर्फगार वारे आणि मध्ये अडवायला डोंगर नाही. त्यात १८७४ मध्ये अमेरिकेच्या मध्य भागावर टोळधाडीचे मोठे संकट आले. दुष्काळ, टोळ आणि थंडी या तिघांनी मिळून मन्सन यांच्या वेली आणि रोपे संपवत आणली. तीन वर्षांत त्यांनी तिथला गाशा गुंडाळला.

चरित्रलेखनात हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. पण पुढे त्यांनी जे केले त्याची मुळे याच तीन वर्षांत आहेत. एकाच जागी वेलीला थंडीनेही मारले आणि उन्हानेही. दोन्ही वेळा मारण्याची पद्धत वेगळी होती. ती कशी, हे आज आपल्याला मन्सन यांच्यापेक्षा बरेच अधिक माहीत आहे.

थंडीत वेल मरते म्हणजे नेमके काय होते?

द्राक्षवेल थंडीशी लढत नाही, थंडीआधी झोपून जाते. उन्हाळा संपताना दिवस लहान होऊ लागले की वेलीला पुढच्या हिवाळ्याची चाहूल लागते. शेंड्यांची वाढ थांबते, हिरवी काडी खालून वर तपकिरी होत पक्व होते, पाने गळतात. काडीतील आणि डोळ्यांतील पाणी कमी होते, साठवलेल्या स्टार्चचा काही भाग साखरेत बदलतो. गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंट घातल्यावर पाणी शून्याखालीही गोठत नाही, त्यातलाच थोडा प्रकार इथे होतो.

पण साखर हे अर्धेच उत्तर आहे. खरी करामत डोळ्याच्या आत आहे. काडीच्या पेशींमधल्या मोकळ्या जागेत बर्फ तयार झाला तरी वेलीचे फारसे बिघडत नाही. डोळ्याच्या आतल्या कोवळ्या भागाची वाट वेल बंद करून टाकते, त्यामुळे बाहेरचा बर्फ आत शिरत नाही. आतले पाणी शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवच राहते. याला अतिशीतन म्हणतात. त्यालाही मर्यादा आहे. तापमान त्या मर्यादेखाली गेले की आतले पाणी एका क्षणात गोठते, पेशी फाटतात आणि डोळा मरतो. युरोपीय द्राक्षाच्या बाबतीत ही मर्यादा ऐन हिवाळ्यात साधारण उणे २० ते उणे २५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. कॅनडापर्यंत पसरलेली रिपारिया ही अमेरिकी रानवेल उणे ३५ अंशांच्याही खाली तग धरते.

हे आकडे वाचताना एक गोष्ट सुटते. ही मर्यादा वेलीवर कायमची कोरलेली नसते, ती महिन्यागणिक हलते. जी वेल जानेवारीत उणे २० अंश सोसते, तीच नोव्हेंबरच्या सुरुवातीला, झोप पूर्ण लागण्याआधी, त्याच्या निम्म्या थंडीने मरू शकते. हिवाळ्याच्या शेवटी आठवडाभर ऊब आली की वेल जागी होऊ लागते, आणि मग पुन्हा आलेली थंडी तिला गाठते. एकदा हिरवी फूट बाहेर पडली की उणे २-३ अंशही पुरेसे होतात. निसर्गाने यावर एक राखीव सोय ठेवली आहे. द्राक्षाच्या एका डोळ्यात प्रत्यक्षात तीन कळ्या असतात. मुख्य कळी मेली तर दुसरी फुटते, तीही गेली तर तिसरी. वेल जगते, घड मात्र बहुधा मुख्य कळीबरोबरच गेलेले असतात.

मुळे तर डोळ्यांपेक्षाही नाजूक. जमीन उबदार राहते म्हणून ती वाचतात. वर बर्फाचा थर असेल तर तो गोधडीसारखा काम करतो. वाऱ्याने बर्फ उडवून नेलेली, कोरडी, उघडी जमीन मात्र खोलवर गोठते. नेब्रास्कासारख्या मैदानात हा धोका मोठा.

वसंत ऋतूत छाटलेल्या काडीतून थेंब थेंब पाणी गळते, ते आपल्याकडच्या बागायतदारांनीही पाहिलेले असते. थंड देशात त्या गळण्याला आणखी एक अर्थ आहे. हिवाळ्यात गोठण्याने लाकडातील पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. मुळे खालून दाब देऊन त्या नळ्या पुन्हा भरून काढतात. पंप सुरू करण्याआधी पाइपातली हवा काढावी लागते, तसेच.

मग टेक्सासच का?

मन्सन यांचे दोन भाऊ आधीच टेक्सासच्या उत्तर टोकाला डेनिसन येथे होते. हे शहर १८७२ मध्ये रेल्वेबरोबर वसले आणि ते वसवणाऱ्यांत बंधू विल्यम बेंजामिन मन्सन यांचा मोठा वाटा होता. जमिनीच्या व्यवहारात ते पुढे श्रीमंत झाले. १८७६ च्या वसंतात टॉमसही कुटुंबासह तिथे आले.

डेनिसनजवळून रेड नदी वाहते. तिच्या काठांवर आणि कड्यांवर त्यांना रानद्राक्षांच्या अनेक जाती झाडांवर चढलेल्या दिसल्या. कुणी पाणी घातलेले नाही, कुणी छाटलेले नाही, तरी वेली फळांनी लगडलेल्या. नेब्रास्कात स्वतः जपलेली रोपे गमावून आलेल्या माणसाला हे दृश्य काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

उत्तर टेक्सासची हवा सोपी नव्हे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यात उबदार दुपारनंतर काही तासांत उत्तरेचे वारे येऊन पाणी गोठवतात. फेब्रुवारी १८९९ मध्ये आलेल्या थंडीच्या लाटेत राज्याच्या वायव्येकडील टुलिया येथे उणे ३०.६ अंश सेल्सियसची नोंद झाली. टेक्सासमधील नीचांकी तापमानाचा हा विक्रम नंतर एकदा गाठला गेला, पण मोडला गेला नाही. म्हणजे तोच प्रदेश ४० अंशांच्या वरही जातो आणि उणे ३० अंशांच्या खालीही. तिथे हजारो वर्षे टिकलेली वेल काहीतरी जाणते, हे मन्सन यांच्या लक्षात आले.

इथून त्यांनी पद्धत बदलली. नाजूक वेल लावून ती जगवण्याऐवजी, न जगवता जगलेली वेल शोधायची. पुढची अनेक वर्षे ते रेल्वेने, घोड्यावर, पायी अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांत आणि मेक्सिकोतही फिरले. प्रत्येक ठिकाणची रानवेल, तिथली माती, पाऊस, थंडी, ऊन यांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. काड्या आणून डेनिसनला शेजारी शेजारी लावल्या. आज ज्याला जनुकसंग्रह म्हणतात, तो एका रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाने स्वतःच्या खर्चाने उभा केला.

शेजारी शेजारी लावल्याने एक गोष्ट पुढे येते, जी पुस्तकात वाचून येत नाही. उत्तरेची रिपारिया प्रचंड थंडी सोसते, पण तिला झोपही कमी लागते. टेक्सासमध्ये फेब्रुवारीत चार दिवस ऊब आली की ती लगेच फुटते आणि मागून येणाऱ्या थंडीत सापडते. टेक्सासच्याच चुनखडीच्या टेकड्यांवरची बर्लांडिएरी उशिरा जागी होते. थंडीचा आकडा रिपारियाच्या बाजूने, पण टेक्सासमध्ये शहाणपण बर्लांडिएरीचे. काटक वेल कोणती, या प्रश्नाला ‘कुठे?’ हा प्रतिप्रश्न जोडल्याशिवाय अर्थ नाही.

उन्हात वेल काय करते?

थंडीत वेल झोपू शकते, उन्हात ती सोय नाही. पाने उघडी, फळ वाढत असलेले, आणि याच काळात पारा चढतो. द्राक्षाच्या पानाचे अन्न तयार करण्याचे काम साधारण २५ ते ३० अंशांत सर्वांत चांगले चालते. ३५ अंशांच्या पुढे ते मंदावते आणि ४० च्या पुढे जवळजवळ ठप्प होते.

पानावरची सूक्ष्म रंध्रे उघडी असतील तर त्यांतून पाणी उडते आणि पान थंड राहते. माठातले पाणी गार राहते तसे. मात्र त्यासाठी मुळांनी तेवढे पाणी पुरवायला हवे. माती कोरडी पडली की मुळांकडून आणि पानांतून संप्रेरकाच्या रूपाने इशारा जातो आणि रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण पानाचे तापमान वाढते आणि अन्न तयार होणेही थांबते. रंध्रे उघडी ठेवली तर वेल सुकण्याचा धोका, मिटली तर उपाशी राहण्याचा. उन्हाळ्यातील प्रत्येक दुपारी वेल हा हिशेब करत असते. फळाची अवस्था आणखी बिकट. मण्यावर काम करणारी रंध्रे जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याला घाम गाळून थंड होता येत नाही. थेट उन्हात लटकलेला मणी आजूबाजूच्या हवेपेक्षा दहा अंशांहून अधिक तापू शकतो. साल करपते, मणी सुकतो.

म्हणजे उन्हाचा प्रश्न मोठ्या प्रमाणात पाण्याचा, पर्यायाने मुळांचा प्रश्न आहे. टेक्सासच्या कोरड्या, खडकाळ भागांतल्या रानवेलींची मुळे खोल जातात. काहींची पाने जाड आणि चकचकीत, काहींच्या पानांची खालची बाजू पांढऱ्या लवेने भरलेली. मन्सन यांना रंध्रांचे गणित माहीत नव्हते, पण कोरड्या मुलखातली वेल तिच्या पानावरून आणि मुळांवरून ओळखण्याची नजर त्यांच्याकडे होती.

फळाच्या बाजूनेही त्यांनी एक उपाय केला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडव पद्धत आहे. खांबावर आडवा दांडा, मध्ये खाली एक तार आणि दोन्ही बाजूंना वर दोन तारा. वेलीचे हात मधल्या तारेवर बांधायचे, नवी फूट दोन्ही बाजूंच्या तारांवरून बाहेर झुकू द्यायची. पानांचे छप्पर वर, घड खाली सावलीत, आणि मधून हवा खेळती. आपल्याकडच्या ‘वाय’ पद्धतीच्या बागा पाहिलेल्यांना ही रचना अनोळखी वाटणार नाही. आपली पद्धत थेट मन्सन यांच्याकडून आली असे नव्हे, पण दोन उष्ण मुलखांनी एकाच अडचणीवर जवळपास एकच उत्तर काढले.

फ्रान्सला त्यांची गरज का पडली?

मन्सन यांचे नाव अमेरिकेबाहेर गेले ते फ्रान्समधील संकटामुळे. अमेरिकेतून रोपांबरोबर गेलेली फायलोक्सेरा नावाची मावा कुळाजवळची सूक्ष्म कीड युरोपीय वेलीची मुळे खाऊन तिला मारत होती. १८६८ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुळांवर शोधून काढली. अमेरिकी रानवेली या किडीबरोबरच वाढल्या असल्याने त्यांच्या मुळांना ती फारसे काही करू शकत नसे. म्हणून खाली अमेरिकी खुंट आणि वर फ्रेंच वाणाचे कलम, हा तोडगा निघाला. रिपारिया आणि रुपेस्ट्रिस या जातींच्या काड्या जहाजांतून फ्रान्सला गेल्या.

बऱ्याच भागांत हा तोडगा चालला, पण कोन्याक परिसरातील चुनखडीच्या जमिनीत हे खुंट पिवळे पडू लागले. चुन्यामुळे जमिनीतील लोह वेलीला घेता येत नाही. आपल्याकडे चुनखडीच्या रानात द्राक्षाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, तोच हा आजार. १८८७ मध्ये फ्रान्स सरकारने पिएर व्हियाला या तरुण अभ्यासकाला चुनखडी सोसणारी अमेरिकी वेल शोधायला पाठवले. व्हियाला महिनोनमहिने फिरले. डेनिसनला ते मन्सन यांना भेटले. कोणती वेल कोणत्या मातीत वाढते, याच्या नोंदी मन्सन यांच्याकडे तयार होत्या. मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवरची बर्लांडिएरी हे उत्तर होते. तिथल्या काड्या गोळा करून फ्रान्सला पाठवण्यात मन्सन यांनी मोठे काम केले. १८८८ मध्ये फ्रान्सने त्यांना शेतीतील कामगिरीसाठीचा ‘मेरित आग्रिकोल’ हा सन्मान दिला. डेनिसन आणि कोन्याक आज भगिनी शहरे आहेत.

टेक्सासमध्ये ही गोष्ट अनेकदा ‘फ्रान्सची वाइन एका टेक्सासवाल्याने वाचवली’ अशी सांगितली जाते. हे अती झाले. कलमाचा तोडगा मन्सन यांच्या आधीच सापडला होता. मिसुरीचे कीटकशास्त्रज्ञ रायली, तिथलेच द्राक्ष उत्पादक हर्मन येगर, फ्रान्समधील प्लांशाँ आणि मिलार्दे असे अनेक जण त्यात होते. शिवाय बर्लांडिएरीची काडी लावली तर तिला सहजी मुळे फुटत नाहीत. म्हणून युरोपात तिचा दुसऱ्या जातींशी संकर करावा लागला आणि त्यातून आजचे खुंट निघाले. मन्सन यांचा वाटा नेमका आहे, आणि तो लहान नाही: सगळे खुंट एकसारखे नसतात, प्रत्येकाची माती आणि हवा ठरलेली असते, हे त्यांनी रानात फिरून नोंदवून ठेवले होते.

डॉगरिज महाराष्ट्रात का रुजले?

बेल परगण्यातील डॉग रिज येथील वेलींतून मन्सन यांनी निवडलेली वेल शॅम्पिनी या गटातली. दोन रानजातींच्या नैसर्गिक संकरातून हा गट तयार झाल्याचे मानले जाते. या वेलीचा जोम दांडगा आहे. हलकी, कोरडी जमीन ती सोसते आणि मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही दाद देत नाही.

महाराष्ट्रात फायलोक्सेराची अडचण नव्हती. पूर्वी आपल्या बागा वेलीच्या स्वतःच्याच मुळांवर होत्या. गेल्या शतकाच्या अखेरीस विहिरी आणि बोअरचे पाणी कमी होत गेले, क्षार वाढले आणि स्वमुळावरच्या बागा खालावू लागल्या. तेव्हा बागायतदार खुंटाकडे वळले आणि डॉगरिज सर्वाधिक पसरला. आता पद्धत ठरून गेली आहे: हिवाळ्याच्या शेवटी खुंटरोपे शेतात लावायची, पावसाळ्यात ती वाढू द्यायची आणि पावसाळा सरताना त्यांवर हव्या त्या वाणाचे पाचर कलम भरायचे.

या सोयीची किंमतही आहे. डॉगरिजचा जोम कधी कधी अंगाशी येतो. वेल पाने आणि फुटी काढत राहते आणि काडीत घड धरण्याची प्रक्रिया मागे पडते. म्हणून खरड छाटणीनंतर पाणी आणि नत्र मोजून द्यावे लागते. क्षार फार असतील तिथे त्याच्याही मर्यादा दिसतात. त्यामुळे ‘११० आर’सारखे इतर खुंटही आता लावले जातात. गंमत म्हणजे ‘११० आर’ हा बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचा युरोपात केलेला संकर. म्हणजे डॉगरिज सोडून दुसरीकडे वळलेल्या बागायतदाराच्या शेतातही टेक्सासच्या टेकड्यांवरची जातच आहे.

मग निफाडच्या थंडीत खुंट का कामी येत नाही?

हा प्रश्न दर डिसेंबर-जानेवारीत पडतो. निफाड परिसरात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरला की बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात. विहिरीचे पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असल्याने त्याचा थोडा आधार होतो. तरीही मणी तडकण्याची, मण्यांवर गुलाबी छटा येण्याची भीती असतेच. उणे २० अंश सोसणारी हीच युरोपीय जात इथे शून्याच्या वर असतानाही हैराण का होते?

कारण आपली वेल झोपलेलीच नसते. थंड देशांत वर्षातून एकदा छाटणी होते आणि मधले काही महिने वेल पूर्ण विश्रांतीत जाते. महाराष्ट्रात दोन छाटण्या. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते, ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड येतात. विश्रांती नसल्याने सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग करावे लागते. फ्रान्समध्ये जे काम हिवाळा फुकट करून देतो, ते इथे रसायनाकडून करून घ्यावे लागते. त्यामुळे जानेवारीत फ्रान्सची वेल उघडी, तपकिरी आणि निद्रिस्त असते, तर निफाडची वेल पानांनी भरलेली आणि गोडी भरत असलेले मणी घेऊन उभी असते. थंडी सोसण्याची जी तयारी वर सांगितली, त्यातले एकही पाऊल तिने उचललेले नसते. आणि खुंट जमिनीखाली आहे. तो पाणी आणि क्षार सांभाळतो, वरच्या मण्याची साल जाड करू शकत नाही.

मन्सन यांच्या काळात वेलीचा वरचा आणि खालचा भाग वेगळा काढून त्यांची कामे वाटून देणे, हा मोठा शोध होता. पण वाटणीत थंडी वरच्याच्या वाट्याला आली आणि पाण्याची टंचाई खालच्याच्या. आपल्याकडे संशोधन प्रामुख्याने खालच्यावर झाले, कारण निकड पाण्याची होती.

त्यांच्या स्वतःच्या वाणांचे काय झाले?

मन्सन यांची स्वतःची खरी आस खुंटाची नव्हती. त्यांना अमेरिकी रानवेलीचे बळ आणि उत्तम फळ एकत्र हवे होते. त्यांनी सुमारे ३०० नवे वाण तयार केले. त्यांत एकाला पत्नीचे नाव ‘एलेन स्कॉट’, एकाला मुलीचे ‘नीव्हा मन्सन’. १९०९ मध्ये त्यांनी अमेरिकी द्राक्षशेतीवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात रानजातींची वर्णने आहेत, संकरांच्या नोंदी आहेत, कोणत्या भागाला कोणती वेल मानवेल याचे मार्गदर्शन आहे. २१ जानेवारी १९१३ रोजी डेनिसन येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सात वर्षांत अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी आली आणि ती १९३३ पर्यंत राहिली. वाइनसाठी द्राक्ष लावणाऱ्यांचा आधारच गेला. मन्सन यांचे वाण स्थानिक हवेसाठी केलेले होते, मोठ्या बाजारासाठी नव्हे. पुढे बाजार कॅलिफोर्नियातील युरोपीय वाणांनी व्यापला आणि टेक्सासचे हे वाण एकेक करून नाहीसे होऊ लागले. १९७० च्या दशकात डेनिसनजवळच्या ग्रेसन कॉलेजमध्ये त्यांच्या स्मरणार्थ बाग उभारली गेली आणि ठिकठिकाणी शिल्लक राहिलेले वाण शोधून तिथे लावण्यात आले.

एका वाणाचे नशीब मात्र वेगळे निघाले. जपानमध्ये निइगाता या मुसळधार बर्फाच्या प्रदेशात झेनबेइ कावाकामी यांनी १९२७ मध्ये मन्सन यांच्या ‘बेली’ या वाणाचा मस्कत हँबर्गशी संकर केला. त्यातून ‘मस्कत बेली ए’ तयार झाला. लाल वाइनसाठी जपानमध्ये आजही तो प्रमुख वाणांपैकी एक आहे. टेक्सासच्या उन्हात जन्मलेल्या वाणाचा वंश जपानच्या बर्फात टिकला.

डॉगरिजसाठी मन्सन यांना संकर करावा लागला नाही. ती वेल जशी सापडली तशीच उचलली, आणि तिची वाढ बियांतून नव्हे तर काडीतून होत आल्याने आजही ती तशीच आहे. कलमाच्या सांध्याखालून खुंटाची फूट येते, ती बागायतदार दिसताक्षणी खुडून टाकतात, कारण ठेवली तर काही आठवड्यांत ती वरच्या वाणावर पसरते. नाशिक किंवा तासगावच्या एखाद्या दुर्लक्षित कोपऱ्यात अशी फूट वाढून गेलेली दिसली, तर तिची पाने थॉमसनची नसतात. मन्सन यांना बेल परगण्यात दिसली होती ती हीच वेल.